मावशीचा फॉर्म मी भरला

आमच्या भागाच्या पुढच्या वीस वर्षांच्या वाहतुकीचा आराखडा तयार होत होता, तेव्हा मी त्या कामावर होते. काम कंत्राटी, पण गळ्यात ओळखपत्र होतं आणि त्यावर 'पर्यवेक्षक' असं छापलेलं होतं. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत कुठले रस्ते रुंद करायचे, कुठे गाड्या वाढवायच्या, कुठल्या फेऱ्या कमी करायच्या, हे लोकांना विचारून ठरवायचं होतं. विचारायचं काम आमचं. त्याआधी मी अमरावतीच्या एका क्लासमध्ये भूगोल शिकवायची. नकाशा वाचता येणारी बाई म्हणून मला घेतलं. मला या कामाचा फार अभिमान होता. तो आठवला की आता स्वतःचाच राग येतो, म्हणून आधीच सांगून टाकते, की यात चूक माझी आहे. आराखड्याला, कॉम्प्युटरला, साहेबांना नावं ठेवण्यात मी पुष्कळ दिवस घालवले. त्याने काही हलकं वाटलं नाही.

आई तेव्हा अचलपूरला माझ्या भावाकडे होती. तिला अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू गेली होती आणि जीभ जड झाली होती. भाऊ शाळेत मास्तर. वहिनी मनाने चांगली. आईला चमच्याने भरवायची, गोळ्या वेळेवर द्यायची, अंथरूण बदलायची. पण आंघोळ मात्र आई तिच्या हातून घालून घेत नसे. सुनेनं आपलं अंग उघडं पाहावं, याची तिला जन्मभराची लाज. वहिनीनं पाण्याची बादली आणली की आई डाव्या हाताने पांघरूण छातीशी घट्ट धरून ठेवायची आणि मान भिंतीकडे वळवायची. मी रविवारी अमरावतीहून जायची, तेव्हा माझ्याही हातून ती नको म्हणायची. "तुह्या हाताले घाई हाये," एवढं वाक्य तिला नीट बोलता येत होतं, आणि ते ती मला दर रविवारी ऐकवायची.

तिला चालायची ती फक्त तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी.

मावशी अचलपूरपासून आत, मुख्य रस्ता सोडून असलेल्या एका लहान गावात राहते. त्या गावाला दिवसाकाठी एकच गाडी होती. सकाळी सातला यायची, अचलपूरवरून परतवाड्याला जायची आणि बाराच्या सुमाराला बायकांना परत आणून सोडायची. मावशी एक दिवस आड त्या गाडीनं यायची. हातात एक कापडी पिशवी, तिच्यात जुन्या लुगड्याचे धुतलेले तुकडे आणि डब्यात डाळीचं पीठ. आली की पदर खोचून पाणी तापवायची आणि खोलीचं दार लावून घ्यायची. आतून तिचं बोलणं ऐकू यायचं. आईचं बोलणं आम्हाला कुणाला धड कळायचं नाही, पण मावशीला सगळं कळायचं. कधी कधी आतून दोघींचं हसणं ऐकू यायचं. साठी उलटलेल्या दोन बाया पोरींसारख्या कशाला हसताहेत, हे विचारायची सोय नव्हती. दार उघडलं की आई न्हाऊन, वेणी घालून, भिंतीला टेकून बसलेली असायची, आणि तो सबंध दिवस घरात सगळ्यांना बरं वाटायचं.

आईचं जे काही थोडं सुख उरलं होतं ते त्या सातच्या गाडीवर होतं. हे मला माहीत होतं. माझ्यापेक्षा जास्त चांगलं कुणालाच माहीत नव्हतं.

सर्वेक्षण सुरू होण्याआधी आम्हाला अकोल्याला दोन दिवस प्रशिक्षण दिलं. शिकवणारे गृहस्थ बाहेरचे होते, हुशार होते. त्यांनी एक गोष्ट फळ्यावर लिहून दोनदा वाचून घेतली, की उत्तर देणारा जे बोलेल तेच लिहायचं. आपल्या मनचं एक अक्षर घालायचं नाही, माणूस ओळखीचा असला तरी नाही. मला ते फार पटलं. आमच्याकडे माहिती गोळा करायचं काम कसं होतं ते मी पाहिलं होतं. पिंपळाखाली बसून, चहा पीत, एकट्यानेच पन्नास घरांची उत्तरं लिहून मोकळे होणारे लोक मला ठाऊक होते. आपण तसं करायचं नाही, असं मी ठरवलं. माझ्या हाताखाली दोन मुली होत्या, नुकत्या कॉलेज संपवलेल्या. त्यांना मी इतक्या वेळा हा नियम ऐकवला की त्या माझ्यामागे माझी नक्कल करत असणार.

मावशीचं गाव माझ्याच वाटणीत आलं. सकाळी साडेसहाला आम्ही थांब्यावर पोचलो. थांबा म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि एक सिमेंटचा ओटा. सात-आठ बायका, दोन म्हातारे, आणि त्यांच्यात मावशी, तिच्या पिशवीसकट. मला पाहून ती उठली आणि तोंडभर हसली. मुली पाहत होत्या. आता यांना नमुना करून दाखवावा, असं मला वाटलं. ओळखीच्या माणसाशीही कसं काटेकोर वागायचं ते त्यांना कळेल. मी पेन काढलं आणि सरळ मावशीसमोर उभी राहिले.

"आपण कुठे निघालात?"

मावशीनं मागे वळून पाहिलं, की ही दुसऱ्या कुणाशी बोलते आहे की काय. मग पदर तोंडाला लावून हसली. "काहून व, मले आपण म्हणून राहिली?"

"फॉर्म भरायचा आहे. आपण आज कुठे निघालात?"

"इथंच, जराशी."

"इथंच म्हणजे कुठे?"

"आता सकाळी सकाळी टोकू नोको बाई. इथंच. लिव तसं."

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. घरातून निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारत नाहीत. विचारलं की काम होत नाही म्हणतात. फार तर 'दूर निघालात का' असं आडून विचारायचं, आणि ज्याला विचारलं त्याने 'इथंच' म्हणून सोडून द्यायचं. मग तो नागपूरला निघालेला असो की काशीला. आजाऱ्याकडे जाणारं माणूस तर जागेचं नाव मुळीच तोंडातून काढत नाही. हे मी लहानपणापासून पाहत आले. आजोबांना कुणी टोकलं तर ते परत घरात येऊन, घोटभर पाणी पिऊन पुन्हा निघायचे. ज्या लोकांनी तो फॉर्म तयार केला त्यांना ही रीत माहीत नसेल, मला माहीत होती. पण त्या क्षणी माझ्यासमोर मावशी उभी नव्हती, उत्तर देणारी व्यक्ती उभी होती.

फॉर्मवर तीन रकाने होते. गावातल्या गावात, तालुक्याच्या ठिकाणी, तालुक्याबाहेर. मी पहिल्या रकान्यात खूण केली. मुलींकडे वळून म्हटलं, "पाहिलंत? मला माहीत आहे या कुठे जातात. पण त्या जे म्हणाल्या तेच मी लिहिलं." मुलींनी माना डोलावल्या. मग त्यांनी बाकीच्यांचे फॉर्म भरले. एक बाई म्हणाली, इथंच. दुसरी म्हणाली, जराशी बाहेर. तिसरी म्हणाली, येतोच घंटाभरात. सगळे फॉर्म पहिल्या रकान्यात गेले. तेवढ्यात गाडी आली आणि ज्यांना कुठेच जायचं नव्हतं ते सगळे लोक तिच्यात बसून निघून गेले.

त्याच दुपारी मी काम आटोपून अचलपूरला भावाकडे जेवायला गेले. आई न्हालेली होती. केसांना तेल होतं, वेणी घट्ट होती. मावशी तासाभरापूर्वीच परतीच्या गाडीनं गेली होती. मी आईच्या पायांशी बसून जेवले, तिला सांगितलं, की आज मी तुझ्या बहिणीला 'आपण' म्हटलं. आई डाव्या बाजूने हसली. मावशीचा फॉर्म माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होता. मला काहीही वाटलं नाही. याचंच मला आजही नवल वाटतं.

फॉर्म अकोल्याला गेले. तिथे ते कॉम्प्युटरमध्ये भरले गेले, आणि ज्यांनी गावातल्या गावात असं सांगितलं होतं ते सगळे बाजूला काढले गेले, कारण गावातल्या गावात जायला बस लागत नाही. यात चुकीचं काय आहे? कुणीही तेच केलं असतं. कागदाच्या हिशेबाने त्या थांब्यावर गाडीची वाट पाहणारं कुणीच नव्हतं, सकाळच्या हवेला येऊन बसलेले चार लोक होते.

काही महिन्यांनी कच्चा आराखडा आला. अचलपूरला एका सभागृहात लोकांची बैठक ठेवली होती. भिंतीवर मोठा नकाशा, लोकांसाठी माईक, मागे चहा. बरेच लोक बोलले. संत्र्याच्या व्यापाऱ्यांना ट्रकसाठी वळणरस्ता हवा होता. अमरावतीला क्लासला जाणाऱ्या पोरींच्या बापांना संध्याकाळची गाडी हवी होती, आणि ती त्यांना मिळाली. मेळघाटातून आलेला एक माणूस बराच वेळ बोलला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी कडेच्या टेबलावर बसून लोकांच्या सूचना टिपत होते. आराखड्याची प्रत चाळता चाळता शेवटच्या पानांवर 'कमी करायच्या फेऱ्या' अशी यादी दिसली, आणि तिच्यात मावशीचं गाव.

मी उठून सर्वेक्षणाच्या साहेबांकडे गेले. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी यादी पाहिली, लॅपटॉपवर काहीतरी उघडलं आणि विचारलं, "या गावाचे फॉर्म तुम्हीच भरले ना मॅडम?"

"हो सर."

"त्यात काही चूक आहे का?"

मला हो म्हणायचं होतं. पण त्या एका गावाचे फॉर्म चुकले म्हटलं तर माझ्या हातून गेलेल्या साऱ्या गावांचे चुकले, हे मला त्याच क्षणी दिसलं. साऱ्या गावांत लोक 'इथंच' म्हणाले होते. सगळं काम पुन्हा करावं लागलं असतं. आणि माझं कंत्राट त्याच महिन्यात पुढे वाढायचं होतं. मी म्हटलं, "नाही सर, सहज पाहत होते."

"त्या गावाकडून काही सूचना आली तर फेरी ठेवता येईल," ते म्हणाले. "महिनाभर मुदत आहे."

हे वाक्य मी धरून बसले. गाव बोलेल, अर्ज देईल, सरपंच सह्या घेईल, गाडी राहील, आणि माझ्यावर काहीच येणार नाही. मी ना भावाला फोन केला, ना मावशीला. फोन केला असता तर का चुकलं ते सांगावं लागलं असतं. महिना गेला. गावाकडून कागदाचा तुकडा आला नाही. मला त्या लोकांचा रागसुद्धा आला. बोलणाऱ्याची बोरं विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत, असं मी ऑफिसात कुणालातरी म्हटल्याचं मला आठवतं.

गाडी बंद झाली.

मावशीनं पहिले काही आठवडे नेटाने निभावलं. अमरावती रस्त्यावरच्या फाट्यापर्यंत तासभर चालायचं, मग काळी-पिवळी जीपची वाट पाहायची. जीप आली तरी ती भरल्याशिवाय हलायची नाही. तिच्या मुलाकडे मोटारसायकल होती, तो अधूनमधून सोडायचा, पण तूर काढायचे दिवस आले आणि त्याला वेळ मिळेना. मावशीचे गुडघे आधीच बोलत होते. एक दिवस आडचं आठवड्यातून दोनदा झालं, दोनदाचं एकदा झालं. कधी आली तर दुपार उलटून जायची, पाणी तापवेपर्यंत परतायची वेळ व्हायची.

आईनं आधी हट्ट धरला. तीन-तीन, चार-चार दिवस अंगाला पाणी लागू दिलं नाही. मग तिच्या पाठीला जखमा झाल्या. डॉक्टर भावावर ओरडले. त्या रात्री वहिनीनं मला फोन केला आणि बराच वेळ नुसती रडली. मग म्हणाली, "आज मी घातली आंघोळ. आई डोये मिटून होत्या. पूर्ण वेळ डोयाले पाणी होतं त्याईच्या. मले असं वाटलं का मी काही गुन्हा करून राहिली." तिचा काय गुन्हा होता?

मग मला जाग आली. मी अर्ज लिहिला, फॉर्म कसे चुकले ते सगळं लिहिलं, स्वतःचं नाव घालून. बैल गेला आणि झोपा केला. उत्तर आलं, सभ्य भाषेत होतं. आराखडा मंजूर झाला आहे, पुढच्या फेरआढाव्यात आपल्या सूचनेचा विचार होईल. माझं कंत्राट संपलं. ते मी पुन्हा वाढवून घेतलं नाही, पण त्यात काही मोठेपणा नाही. तोवर आई कुणालाच नाही म्हणत नव्हती. वहिनी, मी, शेजारची बाई, कुणीही उघडं करावं, पुसावं, पालथं करावं. मला ते हट्टाच्या दिवसांपेक्षा जास्त असह्य झालं.

आई गेली ती सकाळी. भावाचा फोन आला तेव्हा मी अमरावतीहून निघाले आणि दीड तासात पोचले. मावशीला फोन माझ्याआधी गेला होता. तिचं गाव माझ्यापेक्षा कितीतरी जवळ, तरी ती आलेली नव्हती. मुलगा शेतावर होता, त्याचा फोन लागत नव्हता, आणि ती चालत फाट्यावर येऊन जीपसाठी उभी होती. आणायला कुणी जावं, असं मी म्हटलं. पुरुष बाहेर बांबू बांधत होते. ऊन चढेल, थांबता येणार नाही, असं म्हणत होते. मी अमरावतीहून येताना त्या फाट्यावरूनच आले होते. मी रस्त्याकडे पाहिलंच नव्हतं.

शेवटची आंघोळ आम्ही घातली. वहिनीनं आणि शेजारच्या बाईनं धरलं, मी पाणी ओतलं. आईला कुशीवर कसं वळवायचं ते आम्हाला तिघींनाही नीट जमलं नाही. नवं लुगडं नेसवत होतो तेव्हा मावशी दारात आली. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ होती. ती रडली नाही. आत येऊन आईच्या केसांवरून हात फिरवला, ओले होते, आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "पाणी गरम होतं का?"

"होतं," मी म्हटलं. मी हात घालून पाहिलंच नव्हतं.

तेरवीच्या आदल्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. आम्ही दोघीच मागच्या अंगणात होतो, ती दुसऱ्या दिवशीच्या जेवणासाठी तांदूळ निवडत होती. फॉर्म, पहिला रकाना, साहेबांनी विचारलेला प्रश्न, मी दिलेलं उत्तर, काहीच सोडलं नाही. ती ऐकत होती, हात चालू होते. माझं संपल्यावर तिने विचारलं, "तुले मालूम होतं नं, मी कोठी चालली होती ते?"

"हो."

"मंग?"

मी तांदळातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"सरपंच म्हणे, अर्ज लिवू, सगळ्याईच्या सह्या घेऊ," मावशी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "बाया घरी आल्या होत्या माह्या. मीच म्हटलं त्याईले, काहाले पायजे अर्ज? माही भाची हाये तिथी लिवणारी. तिची माय पडली हाये अचलपुरात. गाडी कशी जाऊ देते ती?"

मला रडू आलं, अगदी आवाज फुटून. मी लहान असताना रडायला लागले की मावशी हातातलं काम टाकून मला जवळ घ्यायची. त्या दिवशी ती तांदूळ निवडत राहिली.